एका मिलिमीटरची शिट्टी

नवजात बाळाची मुख्य श्वासनळी जेमतेम 4 मिलिमीटर रुंद असते. सर्दीने तिच्या आतल्या अस्तरावर चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज चढली, तर हवेला वाट उरते 2 मिलिमीटरची. रुंदी निम्मी झाली, म्हणजे श्वासाला दुप्पट जोर लागत असेल, असं आपल्याला वाटतं. हिशेबाने अडथळा होतो सोळा पट! एकोणिसाव्या शतकात प्वाझेय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने काचेच्या अतिबारीक नळ्यांतून पाणी सोडून हा नियम शोधला. नळीतला अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. तीच 1 मिलिमीटर सूज आईच्या 16 मिलिमीटर रुंदीच्या नळीला आली, तर अडथळा पावणेदोन पटही होत नाही. घरात शिरलेला विषाणू एकच असतो. आई नाक पुसत सकाळचे डबे भरते आणि तिचं आठ महिन्यांचं बाळ रात्रभर छातीतून शिट्ट्या काढतं. यात आईने दही खाल्ल्याचा काही संबंध नाही. दोष असलाच, तर चौथ्या घाताचा.

आत आणखी नवल आहे. मुख्य नळीला फुप्फुसात फांद्या फुटत जातात आणि हवा वाहून नेणाऱ्या या साऱ्या फांद्या गर्भाच्या सोळाव्या-सतराव्या आठवड्यापर्यंत तयार झालेल्या असतात. आईला बाळाची हालचाल जेमतेम जाणवू लागते, तोवर आतलं हे बांधकाम संपलेलं! जन्मानंतर हवेचे इवले फुगीर कप्पे वाढत राहतात, पण नव्या नळ्या येत नाहीत. आहेत त्याच लांब आणि रुंद होतात. म्हणजे तान्ह्या बाळाकडे मोठ्या माणसाइतक्याच नळ्या असतात, फक्त सगळ्या इटुकल्या.

शिट्टी वाजते ती कशी? फुग्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणून हवा सोडली की रबर थरथरतं आणि चिरका सूर निघतो. छातीत जवळजवळ तेच घडतं. अरुंद झालेल्या नळीतून हवा वेगाने निघते, नळीच्या मऊ भिंती मिटू पाहतात, पुन्हा उघडतात, आणि या फडफडीचा सूर आपल्याला ऐकू येतो. तो मुख्यतः श्वास सोडताना येतो, कारण श्वास घेताना पसरणारी छाती नळ्यांना ओढून थोडं उघडते आणि सोडताना त्यांच्यावरच दाब पडतो. अडथळा वर, गळ्यापाशी असेल, तर उलट होतं. आवाज श्वास आत घेताना येतो आणि खोकला भुंकल्यासारखा होतो. त्या दुखण्याचं नाव क्रूप.

आपण मात्र या सगळ्याला सरसकट ‘घरघर’ म्हणून मोकळे होतो. नाकातल्या शेंबडाची घरघर हाताला पाठीवरही जाणवते, पण नाक साफ केलं की ती बरीच ओसरते. छातीतली शिट्टी नाक पुसल्याने जात नाही. आवाज रात्री येतो आणि दवाखान्यात नेमका गायब होतो, तेव्हा मोबाईलवर बाळाची उघडी छाती आणि आवाज अर्धा मिनिट टिपून डॉक्टरांना दाखवावा. हा पुरावा शब्दांत सांगितलेल्या वर्णनापेक्षा फार कामाचा असतो. आणि कालपर्यंत ठणठणीत असलेलं मूल खेळता खेळता ठसकलं आणि त्यानंतर शिट्टी सुरू झाली, तर सर्दी समजून थांबू नये. शेंगदाणा, फुटाणा, सीताफळाची बी नळीत अडकलेली असू शकते. तेव्हा आवाज बऱ्याचदा एकाच बाजूला येतो, आणि शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही.

दोन वर्षांखालच्या मुलांत शिट्टीमागे बहुतेकदा विषाणू असतो. त्यातला मुख्य आरएसव्ही. तो पहिल्यांदा सापडला 1956 मध्ये, अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत शिंकणाऱ्या चिंपांझींत. पुढच्याच वर्षी बाल्टिमोरच्या आजारी बाळांतही तोच निघाला. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतोच. एक वर्षाखालच्या काही बाळांत तो अगदी टोकाच्या बारीक नळ्यांपर्यंत उतरतो. या दुखण्याला ब्रॉंकियोलायटिस म्हणतात. त्यात नळ्या आवळल्यापेक्षा सूज, चिकट स्राव आणि मेलेल्या पेशींनी तुंबलेल्या असतात. म्हणून नळ्यांचे स्नायू सैल करणारं औषध इथे सहसा उपयोगी पडत नाही, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालण्याचा प्रश्नच नाही. तिसरा ते पाचवा दिवस सर्वांत त्रासाचा, खोकला पुढे दोन-तीन आठवडे रेंगाळतो. उपाय अगदी साधे: पाजण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे तयार मिळणारे थेंब, दूध थोडं थोडं पण वारंवार, आणि दवाखान्यात लागलाच तर ऑक्सिजन. मध एक वर्षाच्या आत अजिबात नको. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरून वाफ तर नकोच, दवाखान्यात भाजलेली मुलं यातूनही येतात. बाळाला ओव्याची धुरी देणाऱ्या आजीला दुखवणं अवघड असतं, पण धूर तो धूरच, उदबत्तीचा असो की मच्छर कॉइलचा.

खोकल्याच्या सिरपचा मोह आवरणं आणखी अवघड. 2025 मध्ये छिंदवाड्यात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपने मुलं दगावली. त्यातल्या कित्येकांवर उपचार नागपुरात चालले होते. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत. भेसळ नसलेलं सिरपही या वयात फारसं काही करत नाही.

मग ‘बाळदमा’ कशाला म्हणायचं? इथे अमेरिकेतल्या टूसॉनचा अभ्यास थक्क करतो. 1980 पासून तिथे हजारावर नवजात बाळांची नोंद करून डॉक्टर वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहिले. 1995 मध्ये फर्नांडो मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की तीन वर्षांच्या आत ज्यांची छाती वाजली होती, त्यांच्यातल्या बहुसंख्य मुलांची सहाव्या वर्षी वाजत नव्हती. यातल्या काही मुलांची फुप्फुसं जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, छातीचं पहिलं दुखणं होण्याच्याही आधी तपासली होती आणि त्यांची क्षमता तेव्हाच कमी भरली होती. नळ्या मुळातच अरुंद होत्या. वय वाढलं, त्या रुंदावल्या आणि सूर थांबला. ज्यांची वाजतच राहिली, त्यांच्यात आईला दमा असणं, अंगाला इसब-पुरळ उठणं अशा खुणा जास्त सापडल्या. म्हणून शहाणा डॉक्टर पहिल्याच शिट्टीला दमा म्हणत नाही आणि चौथ्या-पाचव्या वेळीही डोळेझाक करत नाही.

दमा असेल, किंवा औषधाने नळ्या सैल होत असतील, तर औषध श्वासातून देणाऱ्या पंपाइतकं नेमकं काही नाही. पण ‘एकदा पंप लावला की सवय लागते’ हे वाक्य आपल्याकडे नातेवाइकांसोबतच घरात शिरतं. हिशेब पाहा. नळ्या सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाचा एक दाब 100 मायक्रोग्रॅमचा. त्याच औषधाच्या साध्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये, 2,000 मायक्रोग्रॅम. वीस दाबांइतकं औषध पोटातून रक्तात जातं, हात थरथरतात, छाती धडधडते आणि नळ्यांपर्यंत त्यातलं थोडंच पोचतं. घाबरायचंच तर चमच्याला घाबरावं.

पंपाचा जन्मही गमतीचा. 1950च्या दशकात रायकर लॅबोरेटरीज या अमेरिकन कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का मिळत नाही? 1956 मध्ये ते बाजारात होतं. फवारा मात्र इतक्या वेगाने सुटतो, की थेट तोंडात मारला तर बराचसा घशावरच आदळतो. म्हणून मधे स्पेसर नावाची पोकळ नळी हवी, लहान मुलाला मास्कसह. पंप हलवून एक दाब, बाळाचे पाच-सहा शांत श्वास, मग दुसरा. रडणाऱ्या बाळाच्या छातीत औषध फारच कमी उतरतं, तेव्हा आधी त्याला शांत करा. प्लास्टिकच्या स्पेसरच्या भिंतींवर स्थिर वीज साचते आणि औषधाचे कण तिथेच चिकटतात. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता तसाच वाळवला की ही वीज मावळते. फडक्याने चकचकीत पुसणारी नेटकी माणसं ती पुन्हा जागवतात. केपटाउनच्या हेदर झार आणि सहकाऱ्यांनी तर 1999 मध्ये दाखवून दिलं, की 500 मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीला भोक पाडून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच चालतो.

आवाज जोरात म्हणजे आजार जोरात, असंही नसतं. सूर वाजायला हवा वाहावी लागते. नळ्या फारच मिटल्या तर छाती गप्प होते. डॉक्टरांना सर्वांत भीती याच शांततेची. म्हणून कान बाजूला ठेवून डोळे वापरायचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने न्यूमोनिया ओळखायला गावच्या सुईणींना श्वास मोजायला शिकवलं. मोठे आकडे न येणाऱ्यांसाठी एक उपकरण केलं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. दर दहा श्वासांना एक मणी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर धोका. घरी मोजायचं तर बाळ झोपलेलं किंवा शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60, वर्षाखाली 50, एक ते पाच वर्षांत 40 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे डॉक्टरांना दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा किंवा गळ्याखालचा खळगा आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल, दूध निम्म्यावर सोडत असेल, मलूल पडलं असेल, ओठ-जीभ निळसर दिसत असतील, तर मोजतही बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.