ग्रोथ हार्मोनचा आकडा आणि भुकेचं सिरप

हार्मोनच्या रिपोर्टवर एकच आकडा छापून येतो. तो मिळवताना वॉर्डात काय धांदल उडते, ते पेशंटच्या नातेवाइकांना कधीच दिसत नाही. ग्रोथ हार्मोनची चाचणी तर आमच्या खात्यातला सगळ्यात धाकधुकीचा कार्यक्रम. रात्रभर उपाशी पेशंटला सकाळी शिरेतून इन्सुलिन द्यायचं आणि रक्तातली साखर मुद्दाम 40च्या खाली आणायची. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. या संकटात निरोगी पिट्युटरी ग्रंथी ग्रोथ हार्मोन सोडते, आणि ते किती सुटलं हे आम्ही ओळीनं रक्त घेऊन मोजतो. सिस्टर ग्लुकोजची सिरिंज भरून उशाशी उभ्या असतात, डॉक्टर जागचे हलत नाहीत. फिट येणाऱ्यांची किंवा हृदयविकार असलेल्यांची ही चाचणी करतच नाहीत.

लठ्ठ पेशंट आला की पहिली पंचाईत इथेच होते. एरवी किलोमागे 0.1 ते 0.15 युनिट इन्सुलिन पुरतं. इथे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून डोस वाढवावा लागतो. “काकू, घाम आला का?” “नाही गं, भूक तेवढी लागलीय!” शेवटी साखर उतरते, घामही येतो, ग्रोथ हार्मोन मात्र जेमतेम हलतं.

ग्रोथ हार्मोन मोजण्याची सोयच मुळात न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या व्हेटरन्स हॉस्पिटलात झाली. रोझलिन यॅलो यांनी तिथे आपली पहिली प्रयोगशाळा झाडू-फडकी ठेवायच्या खोलीत थाटली. त्यांचा आणि सॉलोमन बर्सन यांचा इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडांवरचा लेख 1955 मध्ये साभार परत आला. त्याच कामातून रेडिओइम्युनोअॅसे हे रक्तातलं हार्मोन मोजण्याचं तंत्र जन्मलं. साखर घसरली की ग्रोथ हार्मोन उसळतं, हे त्यांच्याच गटानं 1963 मध्ये दाखवलं. बर्सन 1972 मध्ये गेले. यॅलो यांना 1977 मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा त्यांनी ते नकाराचं पत्र आपल्या नोबेल व्याख्यानात झळकवलं!

लठ्ठ पेशंटमध्ये हे हार्मोन का हलत नाही, हे शोधताना एक नाव पुढे आलं: सेरोटोनिन, मेंदूतल्या पेशींचे निरोप पोचवणारं रसायन. बिव्हन्स, लेबोविट्झ आणि फेल्डमन यांनी 1973 मध्ये इन्सुलिनच्या याच चाचणीआधी सेरोटोनिन अडवणारी औषधं दिली, आणि ग्रोथ हार्मोनची उसळी दबली. म्हणजे मेंदूतून पिट्युटरीला जाणाऱ्या हुकमात सेरोटोनिनचाही हात असणार. मग लठ्ठ माणसांत तोच हात आखडला असेल का? संशोधकांना प्रश्न मोहात पाडणारा वाटला, पण तपासणं महाकठीण. सेरोटोनिन थेट देऊन भागत नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्याचा कच्चा माल, हायड्रॉक्सीट्रिप्टोफॅन, पोटातून द्यावा, तर माणसाला मळमळतं, उलटी होते. आणि मळमळीच्या त्रासानंही ग्रोथ हार्मोन वाढतं! मग वाढलेला आकडा सेरोटोनिनचा की उलटीचा? अडवणाऱ्या औषधांचंही तेच. सायप्रोहेप्टाडिन सेरोटोनिनबरोबर हिस्टामिन आणि अॅसिटिलकोलिनलाही अडवतं. मग श्रेय कोणाला द्यायचं?

हे सायप्रोहेप्टाडिन आपल्याकडे घरोघरी पोचलेलं आहे, भूक वाढवणारं सिरप म्हणून. म्हणून उंची खुंटलेल्या मुलाला चाचणीला आणलं, की आमच्याकडे जुनी माणसं हटकून विचारतात, “भुकेचं काही चालू आहे का?” आधी “काही औषध नाही” असं ठामपणे सांगणारी आई म्हणते, “ते औषध कुठलं, टॉनिक आहे.” ते टॉनिकच आकडा खाली ओढू शकतं, म्हणून डॉक्टर आधी ते थांबवायला सांगतात आणि मगच तारीख देतात.

लठ्ठपणात ग्रोथ हार्मोन दबण्यामागे सेरोटोनिन असलंच, तरी ते एकटं नाही. हे हार्मोन रोखणारं सोमॅटोस्टॅटिन, रक्तातली वाढलेली मुक्त मेदाम्लं, चढं इन्सुलिन अशी सगळी मंडळी त्यात सामील आहेत.  लठ्ठपणात आकडा असा दबतो म्हणूनच जीएचआरएच (ग्रोथ हार्मोन सोडायला लावणारं हार्मोन) आणि आर्जिनिन देऊन होणाऱ्या चाचणीत वजनानुसार वेगवेगळी पट्टी लावावी असं सुचवलं गेलं: बीएमआय 25 पेक्षा कमी असेल तर 11.5 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर, 25 ते 30 मध्ये 8 आणि 30 च्या वर 4.2. बारीक माणसाची पट्टी लठ्ठ माणसाला लावली, तर धडधाकट पिट्युटरीही आजारी ठरते.

त्यामुळे रिपोर्टवर आकडा कमी दिसला म्हणून वजन घटवायला ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं घेऊ नका, सेरोटोनिन वाढवण्याच्या गोळ्याही मनानं सुरू करू नका. आधी विचारा, आकड्याला लावलेली पट्टी कुठली? लठ्ठपणामुळे दबलेलं ग्रोथ हार्मोन वजन चांगलं उतरलं की बहुतेकांत पुन्हा बरंचसं सुटू लागतं, आणि त्यासाठी सुई लागत नाही.