मुलींच्या हाती दिलेला उन्हाळा

१८८१ साली अर्नेस्ट बाल्च नावाच्या तरुणानं अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या स्क्वाम तळ्यातल्या एका बेटावर सुखवस्तू घरांतले मुलगे नेले आणि स्वयंपाकापासून भांडी घासण्यापर्यंतची कामं त्यांच्याकडून करून घेतली. त्या देशातल्या सुरुवातीच्या उन्हाळी शिबिरांपैकी हे एक. मुलींच्या शिबिरांनी जम धरायला आणखी वीसेक वर्षं जावी लागली. १९०२ मध्ये मेन राज्यात वायोनेगॉनिक आणि न्यू हॅम्पशायरमध्ये लॉरा मॅटून या शिक्षिकेचं केहोंका सुरू झालं. त्यातलं वायोनेगॉनिक आजही चालू आहे. घरकाम मुलग्यांना नवं होतं. मुलींना ते समाजानं आधीच नेमून दिलं होतं. त्यांना नवं होतं ते वल्हं, धनुष्य आणि खोल पाणी. शाळांनी तर पुढची सत्तर वर्षं बहुतेकींना मैदानाबाहेरच ठेवलं. १९७१-७२ मध्ये अमेरिकी माध्यमिक शाळांच्या क्रीडासंघांत ३६ लाखांवर मुलगे होते आणि मुली तीन लाखांहूनही कमी. शिक्षणातल्या लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये झाला. तोवर अनेक मुलींना अंगातली ताकद अजमावायला शिबिराइतकी मोकळी जागा दुसरी नव्हती. पण आज शाळेतही खेळ आहेत, पोहण्याचे तलाव आहेत, तरी ही शिबिरं ओस पडलेली नाहीत. माझ्या मते त्याचं कारण खेळात नाही, तिथल्या दिनक्रमात आहे. एरवी मोठ्यांकडे असणारा रोजचा कारभार तिथे बऱ्याच अंशी मुलींच्या हाती असतो.

सकाळी घंटा किंवा बिगुल वाजतो, झेंडावंदन होतं, न्याहारीनंतर प्रत्येक केबिनमधल्या मुली फळ्यावरच्या पाळीप्रमाणे केर काढतात, ओले टॉवेल वाळत घालतात. मग केबिनची तपासणी होऊन गुण मिळतात. पाण्यात उतरण्याची पद्धत तर मुद्दाम पाहण्यासारखी. काठावरच्या फळ्यावर प्रत्येकीचा बिल्ला टांगलेला असतो. उतरताना तो फिरवायचा, बाहेर आल्यावर पुन्हा जागेवर ठेवायचा. प्रत्येकीला एक जोडीदारीण असते. मध्येच शिट्टी वाजली की दोघींनी हात धरून वर करायचे आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत हलायचं नाही. जिवावर बेतू शकणाऱ्या ठिकाणी आठ वर्षांच्या मुलीवर दुसऱ्या मुलीची नजर ठेवण्याचं काम सोपवलं जातं, आणि ती ते करते. दुपारच्या विश्रांतीत घरी पत्र लिहायचं; काही शिबिरांत ठरलेल्या दिवशी ते दाखवल्याशिवाय जेवणघरात प्रवेश नसतो. फोन बहुतेक जुन्या शिबिरांत चालत नाही. त्यामुळे मैत्रिणीशी झालेलं भांडण आईपर्यंत पोचायला चार दिवस लागतात, आणि तोवर ते मुलींनीच मिटवलेलं असतं.

परंपरांचंही तसंच. जेवणाच्या टेबलावरची गाणी नव्या मुलींना जुन्या मुलींच्या तोंडून शिकावी लागतात. मोठी मुलगी एखाद्या नवखीची ‘मोठी बहीण’ होते. कित्येक शिबिरांत पहिल्या वर्षी मिळालेला संघाचा रंग शेवटच्या वर्षापर्यंत तोच राहतो, आणि संघाचं नेतृत्व सगळ्यांत मोठ्या मुलींकडे जातं. पुढे त्यांच्यातल्याच काही जणी प्रशिक्षण घेऊन धाकट्यांच्या ताया होतात. बाहेरच्याला हे सारं पोरकट वाटेल. पण दहा वर्षांच्या मुलीला इथे सोळा वर्षांची मुलगी शेकोटी पेटवताना, सभा चालवताना रोज दिसते, आणि आपणही तिथे पोचणार हे तिला ठाऊक असतं. अधिकाराची वाट इतकी स्पष्ट दाखवणाऱ्या संस्था मुलींच्या वाट्याला फार थोड्या येतात.

मुलामुलींना वेगळं ठेवणं मागासपणाचं नाही का, हा आक्षेप रास्त आहे. ल्यूथर आणि शार्लट गुलिक यांच्या पुढाकारानं १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या ‘कॅम्प फायर गर्ल्स’ या मुलींच्या संघटनेनं १९७५ मध्ये मुलग्यांनाही प्रवेश दिला. तरीही महिना-दोन महिने कप्तान, नावाडी, सूत्रधार सगळ्या मुलीच असण्याचा अनुभव मिश्र शिबिरात मिळेलच असं नाही. मूळ अमेरिकी जमातींची नावं आणि पोशाख उसने घेण्याची जुनी खोड मात्र समर्थनीय नव्हती. ती सोडल्यानं शिबिराचं काही बिघडत नाही.

सर्वांत जड प्रश्न सुरक्षिततेचा. ४ जुलै २०२५ रोजी टेक्सासमधल्या ग्वादालूप नदीच्या पुरात, १९२६ पासून चालत आलेल्या कॅम्प मिस्टिकमधल्या २७ मुली आणि तरुण ताया मृत्युमुखी पडल्या. मुलींवर जबाबदारी टाकणं म्हणजे मोठ्यांनी आपली जबाबदारी सोडणं नव्हे. नदीपासून केबिन किती दूर हवी, पुराचा इशारा मध्यरात्री कोण ऐकणार, हे मुलींनी ठरवायचे प्रश्नच नाहीत. त्याच वर्षी टेक्सासनं पूरप्रवण पट्ट्यातल्या केबिनांना मनाई करणारा आणि स्थलांतराची योजना सक्तीची करणारा कायदा केला. असे नियम आधीच हवे होते.

खर्चाचा आक्षेपही खरा आहे. पूर्ण मोसमाच्या खासगी शिबिराला हजारो डॉलर लागतात आणि शिष्यवृत्त्या थोड्यांनाच पुरतात. पद्धत मात्र महागडी नाही. जागतिक गाइड चळवळीचं ‘संगम’ हे केंद्र १९६६ पासून पुण्यातच आहे, आणि महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत गाइड पथकं आहेत. सहा-आठ जणींचा संघ, त्यातलीच एक संघनायिका आणि कामांच्या पाळ्या, एवढ्यावर ही चळवळ उभी आहे. आपल्या सुटीतल्या बहुतेक छंदवर्गांत मात्र सतरंजी घालण्यापासून हजेरी घेण्यापर्यंत सगळं मोठेच करतात. त्यातली निम्मी कामं येत्या मे महिन्यात मुलींकडे द्यायला कुठलंही शुल्क लागणार नाही.