चवीवर नव्हे, पडद्यावर दावा

कोका-कोलाची कृती कंपनीने पेटंटखाली ठेवलेली नाही. पेटंट घ्यायचे तर कृती जगापुढे उघड करावी लागते आणि वीस वर्षांत हक्कही संपतो. म्हणून ती गुपितच ठेवली गेली. पण पेयाचा धंदा आता बाटलीपुरता उरलेला नाही. २००९ मध्ये याच कंपनीने अमेरिकेत ‘फ्रीस्टाइल’ यंत्र आणले. पडद्यावर बोट टेकवायचे आणि शंभराहून अधिक पेयांतून हवे ते निवडायचे. त्याच्या जोडीला अ‍ॅप, झाकणामागचे कोड, जवळचे दुकान शोधून देणारे संकेतस्थळ. चव कितीही गुप्त ठेवा, या सॉफ्टवेअरपायी कंपनीवर पेटंटभंगाचा दावा होऊ शकतो.

असे दावे करणाऱ्यांत एक वर्ग स्वतः काहीच बनवत नाही. जुनी पेटंटे विकत घ्यायची, नोटिसा धाडायच्या, परवाना शुल्क मागायचे. एरवी दोन उत्पादक भांडले तर दुसराही आपली पेटंटे पुढे करून उलट दावा लावतो आणि प्रकरण समझोत्यावर येते. इथे समोरच्याचे उत्पादनच नाही, मग उलट दावा कशावर करणार? बचावाचा खर्च लाखो डॉलरचा; मागणी त्याहून थोडी कमी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या समजुतीवरच हा सारा व्यवहार उभा आहे. एकट्या संशोधकाला बड्या कंपनीकडून मोबदला मिळवायला असा मध्यस्थ कधी उपयोगी पडतो, हे खरे. पण ज्या दाव्याचे मोल बचावाच्या खर्चावरून ठरते, त्यात शोधाची किंमत होतच नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

दावा कुठे लावायचा यालाही महत्त्व असते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पेटंट खटल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक पूर्व टेक्सासच्या एकाच न्यायिक जिल्ह्यात दाखल झाले. तिथले मार्शल हे छोटेसे गाव, पण तिथे वारंवार खेचल्या जाणाऱ्या सॅमसंगने कोर्टाजवळच्या बर्फावरच्या स्केटिंग रिंगणाला पैसा पुरवला होता.

या प्रथेला धक्का बसला तो पाण्यात मिसळायच्या स्वादद्रवाच्या खटल्यातून. क्राफ्टने इंडियानातल्या टीसी हार्टलँडवर डेलावेअरमध्ये दावा लावला होता. क्राफ्ट स्वतः उत्पादक, पण प्रश्न सर्वांचाच होता: माल जिथे जिथे विकला जातो, तिथे तिथे कंपनीला कोर्टात खेचता येईल का? २२ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नकार दिला. अमेरिकी कंपनीवर दावा तिची नोंदणी असलेल्या राज्यात, किंवा जिथे उल्लंघन झाले आणि तिचे कायमचे ठाणेही आहे तिथेच.

पूर्व टेक्सासची गर्दी ओसरली, डेलावेअरची वाढली. पुढे पश्चिम टेक्सासमधल्या वेको इथे एकाच न्यायाधीशापुढे इतके खटले साचले की २०२२ मध्ये तिथले नवे पेटंट खटले बारा न्यायाधीशांत वाटून देण्याचा आदेश निघाला. हार्टलँडसारख्या, एका राज्यातच ठाणे असलेल्या कंपनीला या निकालाचा मोठा आधार आहे. राज्याराज्यांत बाटलीभरणीचे कारखाने आणि गोदामे असणाऱ्या पेय कंपनीला मात्र तो फार थोडा, कारण तिची ठाणी टेक्सासातही असतात.