बंद पेटी आणि बाहेरचे ऊन : लेखांक नववा – इंजिन बंद केल्यानंतर

द्रवाच्या साहाय्याने थंड ठेवल्या जाणाऱ्या नियंत्रकांचे विवेचन या लेखांकात व्हायचे होते. तथापि मूर्तिजापूरच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न नेमका वर्मावर बोट ठेवणारा असल्याने तो विषय एक आठवडा पुढे ढकलणे इष्ट ठरते. किल्ली काढून घेतल्यावरही काही मोटारींच्या रेडिएटरचा पंखा थोडा वेळ फिरत राहतो. त्यात बॅटरी फुकट खर्च होते असे समजून त्याची वायर काढून ठेवावी काय, असा तो प्रश्न आहे. वायर काढू नये. हा पंखा मुख्यतः इंजिन आणि टर्बो यांच्यासाठी फिरत असला, तरी बोनेटखाली बसवलेल्या इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकालाही, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला सर्रास ईसीएम म्हटले जाते त्या पेटीलाही, तो मोठा आधार असतो, कारण या पेटीवरची कठीण वेळ बहुधा गाडी थांबल्यावरच येते.

गाडी धावत असते तेव्हा बोनेटखालच्या अडचणीच्या जागेतूनही वारा वाहत असतो, पाण्याचा पंप कुलंट फिरवत असतो आणि इंजिनाची बरीचशी उष्णता रेडिएटरवाटे बाहेर पडत असते. इंजिन बंद होताच हे सारे एकदम थांबते, परंतु शेकडो किलो वजनाच्या तापलेल्या धातूतील उष्णता तशीच साठून राहते आणि वाट फुटेल तिकडे पसरू लागते. परिणामी बोनेटखालचे तापमान उतरण्याऐवजी पहिली काही मिनिटे चढत जाते. त्यात उत्सर्जनाचा, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागातून किरणांच्या रूपाने बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा, वाटा मोठा असतो. हे उत्सर्जन निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढत असल्याने 400 अंशांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड 100 अंशांच्या तशाच पृष्ठभागापेक्षा सुमारे दहापट उष्णता फेकतो. मॅनिफोल्ड आणि नियंत्रक यांच्यामध्ये बसवलेला चकचकीत पत्रा त्याचसाठी असतो, आणि दुरुस्तीच्या वेळी काढलेला तो पत्रा खडखडतो म्हणून परत न बसवणे ही अत्यंत घातक सवय आहे.

मे महिन्यात मूर्तिजापूरच्या अकोला जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या घरात जाणे नवलाचे नाही. मूर्तिजापूरहून सुटणारी शकुंतला ही रेल्वेगाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती आणि त्या इंजिनात उन्हाने बिघडेल असा एकही अर्धवाहक नव्हता. आज त्याच गावाजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वरील ट्रकची गोष्ट निराळी आहे, कारण 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 च्या निकषांनंतर इंधनाचा प्रत्येक फवारा आणि धुराची शुद्धी ही दोन्ही इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली गेली आहेत. हा ट्रक भर दुपारी ढाब्यावर थांबतो, चालक पंधरा-वीस मिनिटांत जेवून येतो आणि पुन्हा स्टार्टर मारतो. नियंत्रकाच्या दृष्टीने हा क्षण सर्वांत अवघड, कारण आजूबाजूच्या उष्णतेने पेटी आधीच तापलेली असते, वारा सुरू झालेला नसतो आणि आतील चिपा आपल्या उष्णतेची भर घालू लागतात.

ही भर किती, हे उष्णतारोधावरून काढता येते. एक वॅट उष्णता वाहून नेण्यासाठी तापमानात जितका फरक पडावा लागतो, त्याला उष्णतारोध म्हणतात. समजा, एक चिप 2 वॅट उष्णता निर्माण करते आणि तिच्यापासून बाहेरच्या हवेपर्यंतच्या वाटेचा रोध दर वॅटला 20 अंश आहे, तर चिप हवेपेक्षा 40 अंशांनी गरम राहील. भोवतालची हवा 105 अंशांवर पोहोचली, तर चिपचा गाभा 145 वर जातो, आणि मोटारींसाठीच्या अनेक चिपांची मर्यादा 150 अंश असते. ही वाट सुकर करण्यासाठी मंडलफलकात (सर्किट बोर्डात) तांब्याचा मुलामा दिलेली बारीक छिद्रे पाडतात आणि फलक व अ‍ॅल्युमिनियमची पेटी यांमधील फट उष्णतावाहक लेपाने भरतात, कारण स्थिर हवा ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने हजारो पटींनी मंद वाहक आहे. पेटीवर काढलेल्या पात्यांचा (फिन्सचा) उपयोग मात्र वारा असेपर्यंतच. सोयाबीनच्या मळणीचा भुसा त्यांच्यात दाबून बसला, तर वारा असूनही नसल्यासारखा होतो.

म्हणून पेटीला किती पाती काढली यापेक्षा ती कोठे बसवली हे अधिक निर्णायक ठरते, असे या लेखमालेचे आग्रही मत आहे. काही मोटारींत ती एअर फिल्टरच्या पेटीवर बसवून इंजिनात ओढल्या जाणाऱ्या ताज्या हवेचा लाभ तिला दिला जातो. कमिन्सच्या काही इंजिनांवर नियंत्रकामागे एक चपटी पट्टी बसवून टाकीतून येणारे डिझेल तिच्यातून फिरवले जात असे. ही योजना सुबक खरी, पण इंजिन थांबले की डिझेलही थांबते.

याच संदर्भात धुलाईचा मुद्दा येतो. महामार्गावरून तापून आलेली गाडी वॉशिंग सेंटरवर नेऊन बोनेट उघडून पाण्याचा जोरदार फवारा मारला जातो. मोहोरबंद पेटीतील हवा 85 अंशांवरून एकाएकी 25 अंशांवर आली, तर तिचा दाब सुमारे 17 टक्क्यांनी घटतो आणि कडेच्या रबरी सीलला किंचित जरी चीर असली, तरी बाहेरचे पाणी त्या वाटेने आत ओढले जाते. हे टाळण्यासाठी अनेक पेट्यांवर नखाएवढी एक गोल झडप दिलेली असते. तिच्यातील पातळ पडदा हवेला ये-जा करू देतो, पाण्याला अडवतो आणि दाब समान राखतो. पाणी येथूनच शिरत असावे, या समजुतीने तिच्यावर सिलिकॉन फासलेले दिसते. असे सिलिकॉन आढळल्यास पडद्याला इजा न करता ते काढावे, पडदा फाटला असल्यास पेटी तपासून घ्यावी, आणि उन्हातून आलेल्या इंजिनावर ते पुरेसे निवल्याशिवाय पाणी मारू नये.

द्रवशीतनाचा विषय पुढील आठवड्यात.