जुनी पिकअप घेताना (भाग 7) : मार्चातली गाडी, एप्रिलातली गाडी

हौद्याखालच्या चेसिसला गेलेले तडे कसे शोधायचे, ते या आठवड्यात सांगेन असं कबूल केलं होतं. ते पुढच्या भागावर टाकतो, कारण मध्येच एक पत्र आलं आणि त्यातला प्रश्न मला स्वतःला इतका जवळचा आहे की थांबवत नाही.

पत्र नारायणगावजवळच्या एका ताईंचं आहे. टोमॅटोचा मळा आहे. तोडणी सुरू झाली की भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही आणि माल बांधावर पडून राहतो. म्हणून स्वतःची बोलेरो पिकअप घ्यायची ठरवली आहे. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक ‘2017 चं मॉडेल’, दुसरी ‘2018 चं’. दुसरी पासष्ट हजारांनी महाग. एजंटचं म्हणणं, “ताई, एका वर्षासाठी पासष्ट हजार कशाला घालवता? गाडी तीच, इंजिन तेच.” ताई विचारतात, खरंच तीच का?

ताईंनी एक फार चांगलं काम केलं. दोन्ही गाड्यांच्या आरसीचे फोटो पाठवले. त्यामुळे अंदाजाने बोलायची गरज उरली नाही.

पहिल्या गाडीची नोंदणी 30 मार्च 2017 ची आहे. त्याच आरसीवर उत्पादनाचा महिना मात्र 09/2016. दुसरीची नोंदणी जानेवारी 2018 ची, उत्पादन 11/2017. म्हणजे एजंट ज्याला एक वर्ष म्हणतो ते प्रत्यक्षात चौदा महिने आहेत. आणि त्या चौदा महिन्यांच्या मधोमध 1 एप्रिल 2017 ही तारीख बसली आहे. पिकअपच्या बाजारात या एका तारखेला जेवढं महत्त्व आहे तेवढं आसपासच्या पाच वर्षांत दुसऱ्या कुठल्या तारखेला नाही.

तो मार्च ज्यांनी शोरूममध्ये पाहिला ते विसरणार नाहीत. 1 एप्रिलपासून देशभर बीएस-4 हे उत्सर्जनाचं मानक लागू होणार हे ठरलेलं होतं, पण आधी बनवून ठेवलेल्या बीएस-3 गाड्या त्यानंतरही विकता येतील अशा समजुतीत कंपन्या आणि विक्रेते होते. 28 मार्चला गुढीपाडवा झाला. दुसऱ्या दिवशी, 29 तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1 एप्रिलपासून बीएस-3 गाडी विकायची नाही आणि तिची नोंदणीही करायची नाही. देशभरात सव्वाआठ लाखांच्या आसपास अशा गाड्या पडून होत्या. त्यात व्यावसायिक वाहनं 96 हजारांहून जास्त. विकायला हातात उरले दोन दिवस. मोठमोठ्या सवलती सुटल्या, लोकांनी रांगा लावून गाड्या उचलल्या, आरटीओत कागदांचे ढीग लागले. 30 आणि 31 मार्चच्या तारखा असलेल्या आरसी आजही बाजारात भरपूर दिसतात, त्या या दोन दिवसांतल्या. त्यातल्या कितीतरी गाड्या आदल्या वर्षीच कारखान्यातून बाहेर पडलेल्या होत्या.

ताईंची पहिली गाडी त्यातलीच. बोलीभाषेत ती ‘सतराचं पासिंग’. मॉडेल मात्र सोळाचं, आणि इंजिन बीएस-3.

आता इंजिनाकडे या. दोन्ही गाड्यांचं इंजिन 2523 सीसीचं, चार सिलिंडरचं. बॉनेट उघडून उभं राहिलं तर अनोळखी माणसाला फरक कळणार नाही आणि एजंटचं ‘इंजिन तेच’ पटून जाईल. फरक आहे तो डिझेल आत कसं जातं यात. बीएस-3 च्या गाडीत डिझेलचा पंप आणि नोझल यांचं काम सगळं यांत्रिक. पंप फिरतो, दाब तयार होतो, नोझलची स्प्रिंग उचलली जाते, डिझेल फवारलं जातं. बीएस-4 च्या गाडीत कॉमन रेल आली. एका जाड नळीत हजार बारच्याही वर दाबाने डिझेल सतत भरून ठेवलेलं असतं आणि कुठल्या सिलिंडरला किती, कधी सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. त्यासाठी सेन्सर आले, वायरिंगचा गुंता आला, विजेवर उघडणारे इंजेक्टर आले.

चालवणाऱ्याला याचा अर्थ काय? कॉमन रेलची गाडी भरल्या लोडने चढाला लागली की कमी आरपीएमवर जास्त दम देते, धूर कमी सोडते, थंडीत पहाटे चटकन सुरू होते. वीस किलोचे साठ क्रेट म्हणजे बाराशे किलो. एवढं ओझं घेऊन माळशेज किंवा खंडाळ्याचा घाट चढताना दोन गाड्यांतला फरक ड्रायव्हरच्या डाव्या हाताला कळतो, कारण गिअर कमी वेळा उतरवावा लागतो.

यांत्रिक पंपाची बाजूही मी मनापासून मांडतो. मी स्वतः अशी गाडी नऊ वर्षं वापरली. तालुक्याच्या ठिकाणचा फिटर कानाने ऐकून पंपाचं सेटिंग लावायचा. नोझल बिघडले तर सकाळी काढून संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर. बॅटरी पार उतरलेली असताना चौघांनी ढकलून सुरू केलेली आहे. आणि शेतावर ड्रममध्ये साठवलेलं डिझेल, ज्यात थोडं पाणी आणि थोडी माती असतेच, ते त्या पंपाने वर्षानुवर्षं पचवलं. कॉमन रेलच्या इंजेक्टरला ते पचत नाही. त्याच्या आतली फट इतकी बारीक असते की डिझेलमधली घाण तिथे पॉलिश पेपरसारखी घासत राहते. चार इंजेक्टर एकदम बदलायची वेळ आली तर खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

म्हणून ज्या घराची गाडी वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच्या आत चालणार, गावातल्या गावात खत, चारा, भाजी ओढणार आणि ज्याचा फिटर जुना माणूस आहे, अशा घराला मी सोळाची चांगली ठेवलेली बीएस-3 आनंदाने घ्यायला सांगतो. फक्त सोळाच्या भावाने. मार्च सतराचं पासिंग दाखवून सतराचा भाव मागितला तर तो देऊ नका. पुढे तुम्ही विकायला जाल तेव्हा समोरचाही आरसी वाचणार आहे. कर्ज देणारा आणि विमा काढणाराही बहुतेक वेळा उत्पादनाच्या महिन्यापासूनच गाडीचं वय मोजतो.

आता आरसी हातात नसेल, किंवा एजंट ‘फोटो नंतर पाठवतो’ म्हणत असेल, तर गाडीकडे उभं राहून वर्ष कसं काढायचं ते सांगतो. चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. महिंद्राचा एमए1 ने सुरू होतो, टाटाचा एमएटी ने. डावीकडून मोजत दहाव्या अक्षरावर या. ते वर्षाचं अक्षर. एफ म्हणजे 2015, जी म्हणजे 2016, एच म्हणजे 2017. आय हे अक्षर एकच्या आकड्याशी गोंधळ नको म्हणून वापरतच नाहीत, त्यामुळे 2018 ला जे, 2019 ला के, 2020 ला एल. हा नंबर प्लेटवर छापलेला असतोच, पण तेवढ्यावर थांबू नका. चेसिसच्या लोखंडावर ठोकलेला असतो तो बघा. बहुतेक पिकअपना पुढच्या उजव्या चाकाच्या आसपास सापडतो. वायर ब्रशने चिखल काढा, ओल्या फडक्याने पुसा, बोट फिरवून एकेक अक्षर मोजा. अक्षरांच्या भोवती वेल्डिंगची किंवा ताज्या रंगाची खूण दिसली तर त्याच क्षणी गाडी सोडून घरी या.

दुसरी माझी आवडती खूण म्हणजे स्टेपनी. पुढचे-मागचे टायर चार वेळा बदललेले असतात, पण हौद्याखाली लटकलेली स्टेपनी अनेकदा कंपनीतून आली तशीच असते, कारण तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन वर्षांपूर्वी मेहुण्यासाठी एका यार्डात गाडी बघायला गेलो होतो. ‘सतराचं मॉडेल, सतराचं’ असा घोष चालला होता. मी खाली वाकून स्टेपनीवरची माती नखाने खरवडली, तर 3116. म्हणजे 2016 चा एकतिसावा आठवडा, ऑगस्टची सुरुवात. नंतर चेसिसवर दहावं अक्षर जी निघालं आणि आरसी आल्यावर उत्पादन ऑगस्ट 2016 चं. यार्डवाल्याने काही न बोलता भाव चाळीस हजारांनी उतरवला. मेहुण्याने ती घेतली आणि ती अजून कांदा ओढते आहे. गाडी वाईट नव्हतीच. सांगितलेलं वर्ष खोटं होतं.

एक उलटी गोष्टही आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. 2010 साली बीएस-4 सुरुवातीला तेरा शहरांत लागू झालं होतं, आणि त्यात आपल्याकडची तीन होती. मुंबई, पुणे आणि सोलापूर. बाकी महाराष्ट्रात त्याच वर्षी बीएस-3. त्यामुळे 2013-14 ची पुणे किंवा सोलापूर शहरातली गाडी बीएस-4 असू शकते आणि त्याच महिन्यात बनलेली सातारा पासिंगची गाडी बीएस-3. वर्ष तेच, रंग तोच, इंजिन वेगळं. आरसीवर किंवा वाहन पोर्टलवर उत्सर्जनाच्या मानकाची नोंद असेल तर ती वाचा. नसेल तर बॉनेट उघडून नोझलकडे बघा. नोझलच्या डोक्यावर विजेची सॉकेट असेल तर कॉमन रेल, नुसती लोखंडी नळी येऊन बसली असेल तर यांत्रिक.

2020 ची सीमारेषा या भागात थोडक्यात सांगतो, तिच्यावर वेगळा भाग लिहायचाच आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6. या वेळी न्यायालयाने 2018 मध्येच बजावून ठेवलं होतं, त्यामुळे 2017 सारखा गोंधळ व्हायला नको होता. पण त्या वर्षीचा पाडवा 25 मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभरची टाळेबंदी सुरू झाली. 31 मार्चच्या आत विकलेल्या कितीतरी गाड्यांची नोंदणी अडकली. वाहन पोर्टलवर वेळेत चढवलेल्या अशा गाड्यांच्या नोंदणीला, दिल्ली परिसर सोडून, न्यायालयाने ऑगस्टमध्ये परवानगी दिली. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर 2020 ची आरसी दिसली की डोळे झाकून बीएस-6 समजू नका. तिथेही उत्पादनाचा महिना आणि दहावं अक्षर बघायचं. बीएस-6 च्या गाडीत धूर गाळायची, शुद्ध करायची बरीच सामग्री सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली असते. पहिल्या मालकाने ती काढून टाकलेली नाही ना, हे खाली झोपून बघावं लागतं. ते सविस्तर नंतर.

आता ताईंच्या दोन गाड्या. ताई लिहितात की हंगामात रोज नारायणगावच्या बाजारात फेरी आणि आठवड्यातून दोनदा वाशी. म्हणजे घाट आला, रात्रीचा प्रवास आला, वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर सहज झाले. अशा वापराला नोव्हेंबर 2017 ची गाडी माझ्या मते उजवी आहे. पण पैसे देण्याआधी इंजेक्टरची रिटर्न तपासून घ्या. फिटर चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून त्यांना चार छोट्या पारदर्शक बाटल्या लावतो आणि गाडी काही मिनिटं चालू ठेवतो. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं चढलं पाहिजे. एखादी बाटली भराभर भरली तर तो इंजेक्टर झिजलेला आहे. अर्ध्या तासाचं काम आहे. विकणारा नाही म्हणाला तर कारण विचारत बसू नका, दुसरी गाडी बघा. आणि ही गाडी घेतलीत तर शेतावरच्या ड्रममधलं डिझेल तिला कधी घालू नका, पंपावरच भरा, डिझेल फिल्टर वेळेआधी बदला.

पहिली गाडीही टाकाऊ नाही. पण ती सप्टेंबर 2016 ची बीएस-3 आहे, आणि तिचा मागितलेला भाव 2017 चा आहे. ताईंनी कळवलेल्या भावांवरून माझा हिशेब असा, की ती आणखी निदान पन्नास हजारांनी खाली आली तरच या दोन गाड्यांची तुलना करण्यात अर्थ आहे. म्हणजे पासष्टचा फरक एक लाख पंधरावर जायला हवा. तो गेला नाही तर ताईंनी दुसरी घ्यावी.

पुढच्या आठवड्यात चेसिसचे तडे, नक्की. ज्यांच्याकडे 30 किंवा 31 मार्च 2017 ची आरसी असेल त्यांनी त्यावरचा उत्पादनाचा महिना मला जरूर कळवा.