बिघाडाच्या आधीची वेळ

यंत्र बंद पडल्यावर दुरुस्त करायचे, ठरल्या तारखेला उघडून पाहायचे, की बिघाडाची चाहूल लागताच हात घालायचा? हे ठरवायला अभियंते बिघाडाची गणिती प्रारूपे मांडतात. लोकल गाड्यांचे रूळ हे त्याचे रोजच्या पाहण्यातले उदाहरण आहे.

जितके जुने तितके धोक्याचे, ही समजूत फार काळ टिकली. स्वीडनचे वालोडी वायबुल यांनी 1951 मध्ये मांडलेल्या सूत्रात नवेपणीच निकामी होणारे, अवचित जाणारे आणि झिजून जाणारे असे तिन्ही प्रकारचे भाग बसतात. पुढे 1978 मध्ये नोलन आणि हीप यांनी युनायटेड एअरलाइन्सच्या अनुभवावरून दाखवले, की विमानाच्या जेमतेम 11 टक्के भागांतच वयाबरोबर बिघाड वाढतो. बाकीचे भाग तारीख बघून बदलण्यात फारसा अर्थ नाही; उघडझाकीत नवे दोष मात्र शिरतात.

म्हणून तारखेइतकेच महत्त्व लक्षणाला आले. दोष पहिल्यांदा ओळखू येतो तेव्हापासून भाग मोडेपर्यंत किती अवधी मिळतो, हा या प्रारूपांचा गाभा आहे. दोन तपासण्यांमधले अंतर त्या अवधीपेक्षा बरेच कमी हवे, नाहीतर तपासणी होऊनही रूळ तुटतो.

एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला, तर तापमान 10 अंशांनी उतरल्यावर तो सुमारे 11.5 सेंटिमीटर आखडेल. सांधून लांबच लांब केलेल्या रुळाला आखडायला वाव नसतो. त्यामुळे पोलादात ताण साठतो. थंडीच्या पहाटे वेल्डिंगच्या जागी रूळ तडकतो तो यामुळे. आतली चीर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी रुळावर पाणी सोडत ढकलगाडी फिरवतात. तिच्यातून निघालेल्या श्राव्यातीत लहरी रुळाच्या तळावर आपटून परततात. वाटेत चीर असली तर प्रतिध्वनी लवकर येतो.

प्रारूपात आणखी एक गोष्ट धरावीच लागते: बिघडले तर काय होईल. स्थानकातला पंखा बंद पडेपर्यंत चालवला तरी चालतो. रुळाच्या बाबतीत ती मुभा नाही. दोष सापडला की त्या जागी दोन्ही बाजूंनी पट्ट्या आवळतात, गाड्यांना वेगमर्यादा घालतात आणि गाड्या थांबवून कामासाठी वेळ (ब्लॉक) मिळताच तेवढा तुकडा कापून नवा सांधतात.