काळी नको, मुरमाड हवी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात आवारपूर, गडचांदूरला सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. तरीही परवडणारी भिंत मातीचीच होऊ शकते, फक्त ती शेतातली काळी माती नको! तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि भिंतीला भेगा पडतात. हवा बारीक मुरूम, वाळू आणि बेताची चिकणमाती.

ओल किती हवी, हे हातालाच कळतं. मातीचा गोळा मुठीत घट्ट दाबून छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर ओल नेमकी. भुगा झाला तर पाणी कमी, आणि नुसता चेपून अखंड राहिला तर जास्त. मग फळ्यांच्या साच्यात 15 सेंटिमीटरचा सैल थर टाकून धुमसाने ठोकत राहायचं. तो 10 सेंटिमीटरवर येतो, धुमसाचा बद्द आवाज टणक होतो, मगच पुढचा थर. मातीत 5 ते 8 टक्के सिमेंट मिसळलं तर भिंत पावसाचा मारा बराच सोसते.

चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात अशी जाड भिंत मोलाची, कारण दुपारची झळ आत पोहोचायला कित्येक तास लागतात. पाण्यापासून मात्र तिला जपायलाच हवं. दगडी जोतं उंच घ्या, छपराची वळचण चांगली पुढे काढा आणि पाया काळ्या मातीखालच्या मुरमापर्यंत न्या.